न काढलेल्या फोटोची नक्कल

मलकापूर, ४ ऑगस्ट १९३६

आज सहावीच्या तेवीस पोरांनी तेवीस माठ काढले. खरा माठ टेबलावर ठेवला होता. त्याच्याकडे एकानेही मान वर करून पाहिलं नाही. सगळ्यांनी मी फळ्यावर काढलेला माठ उतरवला. माझ्या खडूचा एक फटकारा चुकून बाहेर गेला होता, तोसुद्धा तेवीस वेळा उतरला. हेडमास्तर आले, वह्या चाळल्या, म्हणाले, “वा, सगळे अगदी सारखे!” या गावात याला चित्रकला म्हणतात आणि मला ड्रॉइंग मास्तर.

मुंबईच्या मासिकासाठी लेख हाती घेतला आहे: ‘अस्सल आणि नक्कल’. मुद्दा असा की नक्कल निघाली की अस्सलाचं तेज थोडं उतरतं आणि हजार नकला निघाल्या की अस्सल मरतं. पुरावा शोधायला लांब जायला नको. इथे सरकीच्या दलालाकडे, हलवायाकडे, न्हाव्याकडे एकच छापील लक्ष्मी टांगलेली. छापताना ठसा सरकल्यामुळे बाईचे ओठ अर्धे गालावर गेले आहेत. लोक तिलाच उदबत्ती ओवाळतात. हे ज्याला दिसतं असा या जिल्ह्यात मी एकटाच असावा.

बायकोला, म्हणजे अन्नपूर्णेला, पहिला परिच्छेद वाचून दाखवला. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “लक्ष्मीनं तं काही तक्रार नाही केली.”

आम्ही दोघंही मेहकरचे. मी मुंबईत पाच वर्षं घालवून जिभेवरचं मेहकर खरवडून काढलं. ती मुद्दाम जपून ठेवते.

९ ऑगस्ट

संग्रामपूरकडच्या अर्जुनराव देशमुखांनी आज मोटार पाठवली. जाताना ती तीनदा ढकलावी लागली. देशमुख चाळिशीचे, गोल तोंडाचे, बोलताना सतत दाराकडे पाहणारे.

“बाबाच्या नावानं मलकापूरले टेशनापाशी धर्मशाळा बांधून राह्यलो,” म्हणाले. “दिवाळीनंतर डिप्टी कमिशनर सायेब येतात उघडाले. तिथं बाबाची मोठी तसबीर पायजे.”

“फोटो द्या.”

“फोटो नाही. बाबा लय भेत फोटोले. म्हनत, ते काच मानसाचं आयुष्य वढून घेते. कधी काढूच देला नाही.”

“एखादं जुनं चित्र?”

“नाही.”

“मग मी नक्कल कशाची करू?”

“तुमी मुंबईले शिकले ना मास्तर? मंग?”

हिंमतराव देशमुख वारले १९११ साली, पन्नाशीच्या आत. अर्जुनराव तेव्हा चौदाचे. त्यांना बापाचा आवाज आठवतो, हातातली काठी आठवते, तोंड आठवत नाही. मुनीम पंजाबराव हिंमतरावांच्या वेळेपासूनचे. ते म्हणाले, “मालक म्हंजे वाघ!” नाक कसं होतं विचारलं तर म्हणाले, “वाघासारखं.” अर्जुनरावांवरून काढावं तर ते आईच्या वळणावर गेलेले.

ती आई, सत्यभामाबाई, सत्तरीची, चौकटीच्या आत बसली होती. तिला विचारलं.

“आता काय कराचं चेहऱ्याले?” ती म्हणाली. “पागोटं काढा, शेला काढा. खाली कोनाचंबी तोंड चालते.”

हो म्हणून आलो. साहेब चित्र पाहणार आहेत आणि नागपुरात कलाशिक्षकाची जागा निघणार असं ऐकतो. नाहीतर मेलेल्या देशमुखांशी मला काय कर्तव्य?

१७ ऑगस्ट

तीन तोंडं काढली, तिन्ही पुसली. नाक धारदार, मिशा भरघोस, नजर करारी: कुठल्याही नाटक कंपनीच्या पडद्यावरचा राजा. अन्नपूर्णा मागे उभी राहून म्हणाली, “हे तं तुमीच दिसता, मिशा लावून.”

तिचं खरं असावं, याचाच जास्त राग आला.

२९ ऑगस्ट

चेहरा सापडला. बाजारात, वांग्यांच्या ढिगामागे.

उकंडा माळी नावाचा इसम आहे. बेचाळिशीचा. उभा चेहरा, गालाची हाडं वर, डोळे खोल गेलेले, डाव्या भुवईत मधोमध करंगळीच्या नखाएवढी केसाविना खांड. असा चेहरा वांगी विकण्याच्या कामाला लावला, यावरून देवालाही चित्रकलेतलं फारसं कळत नसावं. याच्यावर पागोटं चढवलं की झाला देशमुख. अस्सल नाहीच, तर नक्कल कुणाची म्हणून कोण विचारणार?

त्याला म्हटलं, अभ्यासासाठी बस. चार रविवार सकाळी.

“माह्या तोंडात काय हाय मास्तर, पाहासारखं?” तो म्हणाला. पण खूश झाला.

१३ सप्टेंबर

तिसरी बैठक. कोळशाचे सात अभ्यास झाले. प्रत्येकावर सही आणि तारीख घातली आहे. मुंबईची सवय.

उकंडा बसला की बोलतो आणि ओठांचा आकार बिघडवतो. आधीची तीन भावंडं जगली नाहीत म्हणून याला उकिरड्यावर लोळवला, म्हणून उकंडा. आईबाप पूर्वी संग्रामपूरकडे कुणा बड्या माणसाच्या मळ्यात होते. हा पोटात असताना एकाएकी इकडे आले, मालकाने नळगंगेकाठी मळ्याचा तुकडा नावावर करून दिला. बाप लवकर गेला. आई तानुबाई अजून मळ्यात राबते, पण त्या गावाचं नाव काढलं की जेवण टाकून उठते. असलं बरंच काही. मी म्हटलं, “हनुवटी वर.” प्रत्येकाला वाटतं, आपलं आयुष्य ऐकण्याजोगं आहे.

४ ऑक्टोबर

माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा विनोद आज घडला. तो इथे लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

तयार चित्र देशमुखांकडे नेलं. लाल पागोटं, जरीचा शेला, मागे सातपुडा. वरचं कापड काढलं. पंजाबराव मुनीम एकदम मागे सरले, पायातला जोडा काढला, आणि रडू लागले. “मालक! हुबेहूब मालक!” अर्जुनरावांनी तर जमिनीला डोकं टेकवलं. “हेच बाबा,” म्हणाले. “मले आता आठवलं. हेच.”

आठवलं! वांगीवाल्याचं तोंड पाहून बाप आठवला! मी दाराकडे पाहत उभा राहिलो, नाहीतर हसलो असतो.

मग सत्यभामाबाई आल्या. सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. मला थांबवलं. चित्राच्या अगदी जवळ गेल्या आणि डाव्या भुवईतल्या खांडेवर बोट ठेवलं. रंग अजून पुरता वाळला नव्हता, बोटाला लागला.

“हे कोनी सांगतलं तुमाले?”

“कुणी नाही. कलावंताला सुचतं.”

“सुचते,” त्या म्हणाल्या. बोटाचा रंग पदराला पुसला. “कोनाच्या तोंडावरून काढलं?”

“मनातून.”

“हाव,” म्हणाल्या. मग म्हणाल्या, “हे मलकापूरले नका लावू म्हनलं, तं माहं ऐकन कोन?” आणि आत गेल्या.

म्हातारी चित्राच्या तेजाने दिपली, दुसरं काय.

१८ ऑक्टोबर

लेख पूर्ण. मुद्दा पार उलटा झाला आहे, आणि पहिल्यापेक्षा कितीतरी सरस. नक्कल अस्सलाला मारत नाही. नक्कल अस्सल तयार करते. मूळ नसलेली नक्कल हीच शुद्ध कला, कारण तिच्यावर कुणाचं ऋण नाही. उदाहरण म्हणून नावगाव न देता म्हातारीचा प्रसंग घातला: “चित्रातली एक काल्पनिक खूण पाहून वृद्धेच्या स्मृतीने मागे जाऊन मृत पतीच्या चेहऱ्यावर तीच खूण उमटवली. स्मृती ही चित्राची नक्कल झाली.” हे वाक्य मला फार आवडलं. दोनदा वाचलं.

मासिकाकडे पाठवला.

२९ नोव्हेंबर

धर्मशाळेचं उद्घाटन. मंडप, तुताऱ्या, गुलाबपाणी. देशमुखांच्या गावाहून गाड्या भरून माणसं आली. डेप्युटी कमिशनर साहेब चित्रापुढे उभं राहून इंग्रजीत दोन वाक्यं बोलले, त्यातलं एक माझ्याविषयी होतं. त्यांना स्वतःचंही चित्र हवं आहे. म्हातारीकोतारी माणसं चित्राच्या पाया पडत होती. जिवंतपणी हिंमतरावाने त्यातल्या किती जणांना काठीने बडवलं असेल, कोण जाणे.

अन्नपूर्णेने चित्र आज पहिल्यांदा पुरतं पाहिलं. “हा तं वांगीवाला,” हळूच म्हणाली. मी तिला गप्प केलं.

५ डिसेंबर

धर्मशाळेत मुक्कामाला राहिलेला संग्रामपूरकडचा एक म्हातारा आज पायऱ्या उतरत होता. समोरून उकंडा भाजीची पाटी घेऊन येत होता. म्हातारा जागीच खिळला. “मालक!” म्हणाला, आणि बाजारपेठेदेखत त्याचे पाय धरले. लोक जमले. कुणीतरी उकंड्याला धरून आत नेलं, तसबिरीखाली उभं केलं, डोक्याला एकाचं पागोटं बांधलं. सगळे वर पाहतात, खाली पाहतात.

मी हसून हसून दमलो. नकलेला अस्सल सापडू लागले! पुढच्या लेखाचा विषय घरबसल्या मिळाला.

९ डिसेंबर

प्रकरणाला वेगळंच वळण लागलं. गावाने हिशेब मांडला आहे: तानुबाई देशमुखांच्या मळ्यात होती, लेक देशमुखाच्या तोंडवळ्याचा. बस. पुढचं लोकांना सांगावं लागत नाही. पाणवठ्यावर, दळणाच्या चक्कीवर, स्टेशनावर हेच.

अर्जुनरावांचा चुलतभाऊ इंद्रभान, ज्याचं त्यांच्याशी जमिनीवरून वाकडं आहे, तो काल उकंड्याच्या मळ्यात जाऊन आला: “कोर्टात जा, हिस्सा माग, वकील मी देतो.” उकंड्याने त्याला हाकलला. आज अर्जुनरावांची माणसं गेली आणि त्यांनी त्याचे वांग्यांचे वाफे तुडवले. ज्याने काही मागितलं नाही, त्याला दोन्हीकडून शिक्षा.

हा सगळा मूर्खपणा केवळ एका चित्रावरून. माणसं रंगवलेल्या कापडाला पुरावा मानतात! वरवरच्या साम्याला भुलणाऱ्या या लोकांना माझा लेख पाठ करायला लावला पाहिजे.

१२ डिसेंबर

उकंडा आला होता. ओट्यावर बसला नाही, उभाच राहिला. ओठ फुटलेला होता.

“मास्तर,” म्हणाला, “माह्या पोरीचं, शालूचं, लग्न ठरलं होतं. सोयऱ्यानं नारळ वापस पाठोला. आनं पंचाइनं मायले बोलावलं हाय येत्या मंगयवारी. सत्तर वर्षांची हाय ते. तिले चार लोकांत उभं करून इचारनार हायेत, पोरगा कोनाचा म्हनून.”

“तुमी फक्त एवढं सांगा, का तसबीर माह्यावरून काढली. बाकी काई नोको मले. खरं हाय तेच सांगा.”

“तुला काय समजतंय त्यातलं?” मी म्हटलं. “अभ्यास वेगळा, चित्र वेगळं. चित्रकार शंभर तोंडं पाहतो, त्यातून एक घडवतो.”

“मास्तर, मी तुमच्यापुढं चार रविवार बसलो.”

“मग?”

तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. बैठकीत बसायचा तसाच, हनुवटी वर करून. मग गेला.

मी काय करू? उद्या मी म्हणालो की देशमुखांच्या पूज्य पित्याला मी बाजारातल्या माळ्याचं तोंड लावलं, तर साहेबांचं चित्र गेलं, नागपूर गेलं, आणि इथली नोकरीही राहील की नाही सांगता येत नाही. कलावंताने गावगप्पांना किती जबाबदार राहायचं?

१३ डिसेंबर

अन्नपूर्णेने जेवायला वाढलं आणि समोर बसली नाही. विचारलं तर म्हणाली, “तुमच्या लेखात लिवा ना, का तसबिरीपायी एका मानसाची पोरगी घरात बसली.”

“लोक मूर्ख आहेत, त्याला मी काय करू?”

“लोक मूर्ख हायेत. तुमी काय हा?”

रागाच्या भरात मी म्हणालो, “तुले काय समजते त्यातलं!” जिभेवर मेहकर आलं. ती हसली नाही. ते जास्त लागलं.

१५ डिसेंबर

झालं ते थोडक्यात लिहितो.

पंच धर्मशाळेच्या ओसरीतच जमले होते, तसबिरीखाली, म्हणजे पुरावा डोक्यावरच. पाचात मुख्य उमाळे पाटील. अर्जुनराव एका बाजूला खुर्चीवर, इंद्रभान खांबाला टेकून. तानुबाई मध्यभागी उभी. लहानखुरी, काळी, हातांना मळ्यातली माती. तिला दोनदा विचारलं. तिने तोंड उघडलं नाही. मान मात्र खाली घातली नाही. सरळ समोर पाहत होती, तसबिरीकडे सोडून सगळीकडे.

तिसऱ्यांदा विचारायला पाटलांनी तोंड उघडलं तेव्हा मी मध्ये गेलो. धैर्य वगैरे काही नव्हतं. घरी परत जाऊन पुन्हा एकट्याने जेवायचं जिवावर आलं होतं, एवढंच.

सातही अभ्यास ओसरीवर मांडले. म्हटलं, “हे तोंड उकंडरावांचं आहे. मी उचललं. इथे माझ्या सहीखाली तारखा आहेत: तीस ऑगस्ट, सहा सप्टेंबर, तेरा सप्टेंबर. हिंमतरावांना मी पाहिलं नाही, त्यांचा फोटो नाही. मला तोंड सुचत नव्हतं. वर पागोटं चढवलं आणि देशमुख म्हणून दिलं. साम्य आहे ते एवढ्यामुळेच. दुसरा काही अर्थ नाही.”

मग मागून कुणीतरी म्हणालं, “म्हंजे एवढे दिस आपुन वांग्याच्या देशमुखाच्या पाया पडलो?” आणि सगळा जमाव फुटला. पाटील हसले, इंद्रभान हसला, स्टेशनचे हमाल हसले. पाया पडलेलेच सर्वांत मोठ्याने हसले. पंजाबराव मुनीम तेवढे हसले नाहीत. चित्राकडे एकटक पाहत उभे होते.

अर्जुनरावांचं तोंड काळंठिक्कर पडलं. मला म्हणाले, “मास्तर, तुमी माह्या बापाची चेष्टा केली.” पण खुर्चीतून उठताना त्यांनी जो श्वास सोडला, तो सुटलेल्या माणसाचा होता.

पंचांनी तानुबाईला जायला सांगितलं. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं. आभाराची नजर असेल अशी अपेक्षा होती. तशी नव्हती.

१७ डिसेंबर

वर्गात फळ्यावर कुणीतरी वांगं काढून त्याला मिशा आणि पागोटं घातलं होतं. खरं सांगायचं तर रेषा चांगली होती. या शाळेत पहिल्यांदाच कुणीतरी फळ्यावरून न उतरवता काहीतरी काढलं. पुसलं नाही.

शालूच्या सोयऱ्यांनी नारळ पुन्हा पाठवला आहे.

सत्यभामाबाई धर्मशाळेत उतरल्या होत्या. दुपारी बोलावणं आलं. शिव्या खायच्या तयारीने गेलो. त्यांनी पाट दिला, पाणी दिलं.

“तुमी पंचात बोलले ते खरं का मास्तर?”

“अक्षरशः खरं. मनातून काढलं म्हणालो होतो, ते खोटं.”

“हाव.” त्यांनी हातातली जपमाळ बाजूला ठेवली. “खरं बोलूनबी झाकता येते मानसाले. मले नोहतं सुचलं. बरं केलं.” मग म्हणाल्या, “तानुबाई धडधाकट हाय ना?”

आहे म्हणालो. म्हातारपणी माणसं असंबद्ध बोलतात. पण शिव्या दिल्या नाहीत, यात समाधान.

२२ डिसेंबर

मासिकाच्या संपादकांचं पत्र! लेख स्वीकारला. लिहितात, “विशेषतः वृद्धेचं उदाहरण अपूर्व आहे. असा प्रत्यय मराठीत आजवर कुणी नोंदवलेला नाही.” नागपूर गेलं, साहेबांनी चित्राचा विचार सोडल्याचं कळवलं, गाव हसतं, पण मुंबईला तरी माणसं आहेत.

अन्नपूर्णा बऱ्याच दिवसांनी समोर बसली होती, म्हणून तो परिच्छेद वाचून दाखवला. काल्पनिक खूण, वृद्धेची स्मृती, सगळं.

“थांबा,” ती म्हणाली. “कोनती खून?”

“भुवईतली खांड. म्हातारीने बोट ठेवलं, म्हणाली, हे कोणी सांगितलं.”

“आनं ते खांड कोनाची?”

“उकंडरावांची.”

“मंग?”

“मग काय?”

तिच्या हातातली सुई थांबली. मी त्या तेवीस पोरांकडे पाहतो, तशी ती माझ्याकडे पाहत होती.

“त्या बाईनं नवऱ्यासंग पंचवीस वर्षं संसार केला,” ती हळूहळू म्हणाली, बहिऱ्याशी बोलावं तशी. “तिले नवऱ्याच्या भुवया तुमच्या तसबिरीनं शिकवल्या?”

मी वही मिटली. मग पुन्हा उघडली आणि हीच वही मागे मागे वाचत गेलो. ४ ऑक्टोबर. १३ सप्टेंबर. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. मळा, एकाएकी सोडलेलं गाव, नळगंगेकाठचा तुकडा, जेवण टाकून उठणारी आई. मुनीमाचे पायातले जोडे. मी उतरवून घेतलं, आणि पाहिलं नाही.

मूळ नसलेली नक्कल! मूळ माझ्यासमोर चार रविवार बसून बडबडत होतं आणि मी त्याला हनुवटी वर करायला सांगत होतो. अख्ख्या मलकापुरात एवढा मोठा गाढव दुसरा नसेल. आणि पंचांत उभा राहून मी म्हणालो, दुसरा काही अर्थ नाही. खरं बोलूनही झाकता येतं, असं म्हातारी म्हणाली ते याच्यासाठी.

“तू कधीपासून जाणतेस?” मी विचारलं.

“तिनं बोट ठेवलं हे तुमी आत्ता सांगतलं,” अन्नपूर्णा म्हणाली. “तेवढंच पुरे.”

२३ डिसेंबर

संपादकांना तार केली: लेख छापू नये, उदाहरण खोटं आहे. त्यांना राग येईल. येऊ दे.

हे कुणाला सांगायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. मी पंचांत जे बोललो ते तसंच राहिलं पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा माझं एखादं काम कुणाच्या उपयोगी पडलं, आणि ते काय होतं हे मला काम झाल्यावर कळलं.

३० डिसेंबर

पंजाबराव चित्र बैलगाडीत घालून घेऊन आले. अर्जुनरावांचा निरोप: जाळा नाहीतर काही करा. मुनीम जाताना उंबऱ्यात थांबले. “मास्तर,” म्हणाले, “मी त्याइच्यापाशी बारा वर्षं होतो. मी तं काई बोललो नाही ना?”

“नाही,” म्हटलं.

“मंग बरं,” म्हणाले, आणि गाडीत बसले.

जाळायला घेतलं. काडी ओढवेना. हे चित्र ठेवायचं की जाळायचं, हे ठरवणारा मी नव्हे, एवढं आता समजतं.

३ जानेवारी १९३७

आज सकाळी चित्र हमालाच्या डोक्यावर देऊन नळगंगेकाठच्या मळ्यात गेलो. उकंडराव बाजारात होते, ते पाहूनच गेलो. तानुबाई वाफ्यात पाणी फिरवत होती. तुडवलेल्या जागी नवी रोपं लावली होती.

हमालाला परत पाठवलं आणि चित्र विहिरीच्या कठड्याला टेकवलं. तिने हात पदराला पुसले आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. पंचांत पाहिलं नव्हतं.

“हे काऊन आनलं?”

“उकंडरावांचं चित्र आहे. तुम्ही म्हणाल तसं करतो.”

“हा उकंड्या नोहे.”

“चेहरा त्यांचाच आहे, बाई.”

“चेहरा असन.” ती बराच वेळ उभी होती. पाटाचं पाणी वाफ्याबाहेर वाहू लागलं, तरी हलली नाही. मग म्हणाली, “पागोट्यातल्या मानसाले ह्या घरात जागा नाही, मास्तर. तवाबी नोहती. पन तवा मले इचारलं कोनी?”

पंचांनी दोनदा विचारूनही ज्याचं उत्तर मिळालं नव्हतं, ते मी न विचारता तिने मला दिलं होतं. मी कोण लागतो तिचा?

“जाळून टाकू?”

“काऊन? माहं पोरगं चार रविवार बसलं ना त्याच्यासाठी?” तिने फावड्याने बांध घातला, पाणी वळवलं. “पागोटं काढा. शेला काढा. मंग ठेवतो.”

घरी जाऊन रंगांची पेटी आणली. अन्नपूर्णा विचारत होती, थांबलो नाही. पागोट्याचा लाल रंग सुरीने खरवडला. तो तीन महिन्यांत चांगला घट्ट झाला होता, सोलून काढावा लागला. जरीकाम गेलं, शेला गेला. सातपुडा तिने राहू दिला. त्याच्याखाली मळा काढायला लावला. खांद्यावर उपरणं नाही, उघडा खांदा, पाटी वाहून काळवंडलेला. डोक्यावर बारीक कापलेले पांढुरके केस.

तोंडाला मी एकदाही कुंचला लावला नाही. भुवईलाही नाही. ती माझ्या मागे बसून मेथी निवडत होती आणि मधूनमधून सांगत होती. केस इतके दाट नाहीत. गळ्यात ताईत हाय. मिशीचं टोक खाली येऊ द्या, तो पीळ देत नाही.

दुपार कलली. मी म्हटलं, “झालं.”

“नाही झालं,” ती म्हणाली. “कान कुठी हाय?”

पागोट्याखाली कान झाकलेला होता. मी तो कधी रंगवलाच नव्हता. अभ्यासातही कान टाळले होते. मला ते कुरूप वाटले होते.

“कसा आहे?”

ती उठून आली. तिने माती लागलेलं बोट कॅनव्हासपासून वीतभर दूर धरून हवेत आकार दाखवला. “वरून असा रुंद. बाहेर आलेला. खालची पायी अशी चिकटलेली.”

तसा काढला. रुंद, बाहेर आलेला, पाळी गालाला चिकटलेली. त्या लांबट, बड्या घरच्या चेहऱ्याला तो कान शोभत नव्हता, आणि तो आल्यावर चेहरा दुसऱ्याच कुणाचा झाला.

तानुबाई पुढे झाली. डोळे बारीक करून पाहिलं.

“हाव,” म्हणाली. “हा माह्या बापाचा कान.”